दोन वर्षांची वीज

—नाही नाही, नीता, तू विजेचा दोन वर्षांचा प्लॅन मुळीच घेऊ नकोस. आधी तो फोन खाली ठेव बघू, आणि चहा घे. स्वस्त दिसतोय ना? दिसणारच! पण तुमच्या घराचं अजून काही नक्की आहे का? तुझ्या अभयला तिकडे शहरात, तांजोंग पगार भागात, ऑफिसजवळ राहायचंय, घरमालकाला भाडं वाढवायचंय — म्हणजे सहा महिन्यांत तुम्ही इथून, यिशुनमधून उठलात, की झालं! मुदतीआधी करार मोडला म्हणून दंड भरा. त्यापेक्षा सरकारी दराने घे. दर तीन महिन्यांनी तो वर-खाली होतो खरा, पण तुला बांधून तर घालत नाही. ज्याची बॅग अर्धी भरलेली आहे त्याने करारात पडू नये. आम्ही? आम्ही दोन वर्षांचाच घेतो गं. नेहमी. आमची गोष्ट वेगळी आहे.

वेगळी म्हणजे — आता काय सांगू तुला, चकली घे ना — अगं, तुझ्या काकांना हा देश सोडून पुण्याला परत जायचंय. गेली बारा वर्षं जायचंय. दिवाळीत थोरल्या भावजींचा फोन आला रे आला, की ह्यांचा आवाज कातर होतो, "येतो, दादा, आता आवरतंच घेतो." मग मी काय करते? काही नाही. वाद नाही, रडणं नाही. हे फोन ठेवतात आणि मी स्वयंपाकघरातून हळूच म्हणते, अहो, विजेचा करार पुढच्या मार्चपर्यंत आहे हं. बस्स! दंड म्हटलं की ह्यांचं रक्त आटतं. लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा जाईल म्हणून धो धो पावसात निघालेला माणूस आहे हा, तो वीज कंपनीला फुकट पैसे देईल?

आता मार्च उजाडला तर काय, असंच विचारणार ना तू? उजाडू दे की! तोवर इंटरनेटचा करार नवा झालेला असतो. तो संपत आला की एसीच्या सर्व्हिसिंगचं पॅकेज. तो एसीवाला मला हात जोडतो, आँटी, तुमचं अजून शिल्लक आहे — मी म्हणते असू दे, तू आणखी एक वर्ष घाल. तिन्ही करार एकाच वेळी संपू द्यायचे नाहीत, तेवढं सांभाळायचं. हसतेस काय! आमची श्रियासुद्धा हसते, "मा, पापा वोंट गो वन लाह." म्हणजे पप्पा काही जायचे नाहीत म्हणे! म्हटलं, तुला काय कळतंय, तू तुझं कॉलेज बघ.

नाही गं, पुणं आवडत नाही असं कुठे म्हणतेय मी? माझं माहेर आहे तिथे. पण तिथला आमचा फ्लॅट भावजींच्या समोरच, दाराला दार. जाऊबाई चांगल्या आहेत, खरंच चांगल्या आहेत, पण आमच्याकडे काय शिजलं हे आमच्या आधी त्यांना कळतं. आणि इथे — कुणाला बोलू नकोस — पन्नाशी उलटल्यावर मी पोहायला शिकले. रोज सकाळी, इथल्याच तलावावर. आम्ही चौघीजणी आहोत, दोन चिनी, एक तमिळ आणि मी. पोहून झालं की हॉकर सेंटरला, त्या खाण्याच्या टपऱ्यांवर जाऊन कोपी, ती इथली गोड कॉफी, पितो आणि ओल्या केसांनी घरी येतो. पुण्यात जाऊबाईंच्या दारावरून निघेन का मी अशी टॉवेल घेऊन? मला इथे सुख आहे गं, नीता. आणि ते मला सोडायचं नाहीये. म्हणून हा सगळा खटाटोप. भावजींच्या लेखी मीच ती वाईट — भावाला अडकवून ठेवणारी. असू दे. एवढं बोलणं मी सोसते.

काय म्हणालीस? कसला दंड माफ? देश सोडून कायमचं गेलं तर? छे, आमच्या कंपनीत तसलं काही — कोण म्हणालं? अभयला कोणी सांगितलं? लिफ्टमध्ये? ह्यांनी?

थांब हं. ह्यांनी स्वतः अभयला सांगितलं, की कायमचं परत जाणाऱ्याला दंड पडत नाही, कंपनीला विचारून घेतलंय? कधी विचारलं? गेल्या वेळी करार घेतानाच? अगं, मग या दिवाळीत भावजींना फोनवर काय सांगत होते ते, "काय करू दादा, हिने पुन्हा करार करून ठेवलाय, दंड बसेल" — माझ्यासमोर, एवढा मोठा सुस्कारा सोडून! म्हणजे जायचं ह्यांनाही नव्हतं. बारा वर्षं! आणि वाईटपणा सगळा माझ्या माथी! मी इथे एकेक करार शिंप्यासारखा बेतून जोडतेय, आणि हा माणूस माझ्या आड बसून — बघ गं, मला राग यायला हवा ना? हसू का येतंय मग?

श्श. किल्लीचा आवाज. तू निघ आता, आणि हे तू मला सांगितलंस हे त्यांना कळता कामा नये, कळलं? चकल्या घेऊन जा. ऊठ.

आलात? काही नाही हो, नीता निघालीच होती. विजेचं विचारायला आली होती. मी म्हटलं, मला मेलीला काय कळतंय त्यातलं, ते सगळं हेच बघतात.