घसरली ती मॅट

हार्डवेअरच्या दुकानात रंगारी ब्रश घेऊन रांगेत उभा होता. पुढे एक नवरा-बायको होते, आणि कान काही मिटता येत नाहीत.

“रबर चिकटवायचं सोल्यूशन द्या. पाण्यात टिकणारं.”

“काका, परवाच नेलंत ना?” दुकानदार म्हणाला.

“नेलं. उभ्याने चालवायची वॉटर स्कूटर आहे माझी. पाय घसरू नये म्हणून तिच्यावर मॅट चिकटवली.”

“आणि पाय अजिबात घसरला नाही हो,” बायको म्हणाली. “मॅटच घसरली. हे मॅटवर ठाम, आणि मॅट तळ्यात.”

“अगं, हळू बोल.”

“स्कूटर तरी शहाणी. हे पडल्याबरोबर थांबली.”

“सोल्यूशन मॅटला आणि स्कूटरला, दोन्हीकडे लावलंत?” दुकानदाराने विचारलं.

“लावलं की.”

“मग जोडण्याआधी, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलात?”

“थांबायचं असतं?”

“डब्यावर लिहिलंय, काका.”

“डबा वाचायचा म्हणजे आधी चष्मा शोधायचा. एवढा वेळ कुठला यांना? रिटायर्ड माणूस!”

“लाइफ जॅकेट घातलं होतं मी.”

“घातलं होतं. मी काठावरून घसा फोडून ओरडले म्हणून. अजून आवाज बसलाय माझा.”

“एकच डबा देऊ ना?”

“एकच द्या. या वेळी मॅट मी चिकटवणार.”

“चिकटव बाई. वाळली की मी एक चक्कर मारून बघतो.”

“तुम्ही कशाला? चक्कर मी मारणार. तुम्ही काठावर उभे राहा आणि ओरडा.”