रजियाबीचं पान

...मग मी काय रजियाबीच्या घरी मायाच मनातलं ऐकायले गेलो होतो? तुमीच सांगा. मायं मन त मले अठी अकोटातच मालूम होतं, त्याच्यासाठी अमरावतीपर्यंत दोन दिवस बैल हाकायची काय गरज?

तुमाले सांगतो, त्या साली कापसाले असा भाव, असा भाव, का लोकायनं बैलायच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या बसवल्या. सातासमुद्रापार कोण्या गोऱ्यायची आपसात लढाई, त्यायचा कापूस बंद, अन् सोनं आमच्या घरात. माया घरी कापूस आढ्याले टेकलेला. आमची घरवाली पार्वताबाई म्हणे, "विका आता. पहिले व्यापारी गाड्यायले सामोरे येत वेशीपर्यंत, आता गादीवरून उठत नाईत. मले काई बरं दिसत नाई. विका, अन् वरच्या वावरात विहीर खांदा." गावातलं पाणी खारं, पार्वताबाई अठरा वर्षं कोसावरून गोडं पाणी डोक्यावर वाहून रायली, मीच तिले जबान देल्ली होती विहिरीची. पण म्हटलं, बाईमाणसाले काय समजते? रजियाबीले विचारू. म्हंजे बाईचं ऐकायचं नाई म्हणून बाईलेच विचारायले गेलो, पाहा अक्कल.

तिचा नवरा गंजिफा, म्हंजे खेळायची पानं, रंगवे. तो गेला, गोल गोल पानं तिच्यापाशी रायली, त्या पानायवरून ती पुढचं होणारं सांगे. मी गेलो त खोली झाडून रायली होती. मोठी खोली, रिकामी, कोपऱ्यात कापसाचे चार पुंजके. म्हटलं, बी, झाडणं राहू द्या, पान काढा.

हत्तीवरचा राजा निंघाला. म्हटलं, सांगा. त म्हणते कशी, डोये मिटून, "पानात रंगाशिवाय काई नाई, भाऊ. जे हाय ते तुया पोटात हाय. तुले काय वाटून रायलं?" आता घ्या. वैद्यानं रोग्याची नाडी सोडून रोग्यालेच विचारावं तशातली गत. म्हटलं, हत्ती हाय, भाव वाढन. "और काय वाटून रायलं?" म्हटलं, राजा हाय, म्हंजे मी हाय. म्हणे, "बरं."

नुसतं बरं. मी नाचत घरी आलो.

महिना नाई झाला त तिकडं लढाई थांबली. त्यायचं काय, त्यायनं हात झटकले अन् घरी गेले. अठी भाव असा पडला का नेणाऱ्या गाडीचं भाडं निंघना. पुन्हा दोन दिवस बैल हाकले. म्हटलं, बी, तुमी बुडवलं मले.

"मी कवा म्हटलं वाढन म्हणून? तू म्हटलं, मी ऐकलं."

"अन् तुमच्या वावरातला कापूस?"

"तो त तू आला त्याच्या आदल्या दिवशी विकला. पोटात आलं, विकला."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"तू विचारलं कवा? मी कापसाची रिकामी खोली झाडून रायली होती, तू त झाडणंही बंद करायले लावलं."

घरी आलो. वाटलं, पार्वताबाई भांडन. भांडली असती त बरं झालं असतं. तिनं रिकामी घागर आणून माया पुढं ठेवली, समोर बसली अन् शांतपणे म्हणते, "हिच्याकडे पाहा. तुमाले काय वाटून रायलं?"

...सरका जरा, भाऊ. ऊन चढायच्या आत मले पाण्याची तिसरी खेप आणायची हाय.