मागच्या भिंतीतले पैंजण

माय गेली, तिच्या जलदानानंतर आठव्या दिवशी मी मागच्या खोलीची भिंत उकरली आणि आतून लहान मुलीचे पैंजण निघाले.

नागभीडजवळचं हे घर आता माझ्या नावावर आहे. मी ब्रह्मपुरीच्या एका शाळेत पुस्तकं सांभाळायची, लग्न केलं नाही, बाप लवकर गेला, म्हणून माय आणि मी, दोघीच. ती एक भिंत माय कोणाला लिंपू द्यायची नाही. रोजानं बाई लावली तरी तेवढी भिंत ती स्वतःच लिंपायची, पांढऱ्या मातीनं, हात कापायला लागले तरी. आता उधई, म्हणजे वाळवी, लागली म्हणून मी खुरपं लावलं तर मोठा पोपडाच निघाला, मागे बुजवलेला कोनाडा, आणि त्यात फडक्यात बांधलेले हे.

काय सांगू तुम्हाला, मी आधी समजले माझेच आहेत. लहानपणी माय मला पैंजण काढू द्यायची नाही, आंघोळीलाही नाही, शाळेतल्या पोरी म्हणायच्या, आली पाहा बैलजोडी. पण माझे तर ट्रंकेत होते. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. मग मला माझी जन्मतारीख आठवली. कागदावर मी दोन वर्षांनी मोठी आहे, त्यामुळे निवृत्तही दोन वर्षं आधी झाले, आणि मायला विचारलं की ती म्हणायची, गुरुजीची चूक असन.

विचारण्यासारखी गावात एकच उरली होती, काकी. तिला कमी ऐकू येतं. मी पैंजण तिच्या हातावर ठेवले. तिनं चाचपले आणि म्हणाली, हे सुशीलाचे. मी मोठ्यानं म्हटलं, काकी, सुशीला मीच ना. ती म्हणाली, तू बेबी होय. सुशीला तुह्या आधीची.

मग तिनं सांगितलं, थांबत थांबत. धानाच्या रोवण्यात लेकरू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसवतात, पायात घुंगरांचे पैंजण घालून. चिखलात वाकलेल्या बाईले घडोघडी मागं पाहता येत नाई, लेकरू कानानं सांभाळा लागते. त्या दुपारी बाप झाडाखाली लवंडला होता, पोर त्याच्याजवळ खेळत होती, आवाजानं झोप येईना म्हणून त्यानं तिच्या पायातले काढून खिशात टाकले. आवाज थांबला तर मायला वाटलं, पोर बापाजवळ झोपली. ती रोवत राहिली. पोर बाजूच्या बोडीत सापडली, बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. पोलिसांच्या भीतीनं घरच्यांनी गावात ताप सांगितला. ती तेव्हा तीनची, मी पाळण्यात, पण गुरुजीनं घरोघर फिरून तिचं नाव आधीच शाळेच्या यादीत टिपलं होतं. ती पोरगी कुठी गेली असं शाळेच्या तपासणीत कोणी विचारू नये म्हणून पुढे गुरुजी बदलले तेव्हा बापानं त्याच नावावर, त्याच तारखेवर मला बसवलं.

बापाशी माय कामापुरतं बोलायची. मला तो तिचा स्वभाव वाटायचा.

मी विचारलं, माय काहीच म्हणाली नाही? काकी म्हणाली, म्हणाली ना. कागदावर नाव नेता तं न्या, म्हणे, माह्या तोंडून ते हिच्यासाठी निघणार नाई.

आणि मी त्याच गोष्टीवर जन्मभर रुसलेली. सारा गाव मला सुशीलाबाई म्हणायचा, माय मात्र मी साठीला आले तरी चारचौघांत बेबीच म्हणायची. एकदा शाळेतल्या बाया घरी आल्या होत्या, त्या गेल्यावर मी तिला म्हटलं, आता तरी नावानं हाक मारत जा, मी काय लहान आहे? ती दोन दिवस जेवली नाही, मला वाटलं पोट बिघडलं. तिच्यासाठी मी कोणाच्या जागेवर आलेली नव्हते, एवढं मला ती गेल्यावर कळलं, आणि आता तिला सांगता येत नाही.

भिंत मी परत लिंपली नाही. कोनाडा उघडा आहे, त्यात चार पैंजण आहेत. मला बेबी म्हणणारी एक काकी उरली आहे. ती हल्ली फार बोलत नाही, मी संध्याकाळी तिच्या दारात जाऊन बसते.