एकोणीस दिवसांचा अँब्रोज

नाही नाही, उठू नका मिस्टर ट्रेल — सँडविच संपवा आधी, मी काही पळवून नेत नाही — तिकडे दप्तरखान्याच्या वाचनाच्या खोलीत तोंड उघडलं की शुक् शुक् करतात, आणि इथे डबा खायच्या खोलीत आपण दोघंच आहोत, म्हणून म्हटलं विचारूनच टाकावं. तर काय म्हणत होते मी? हां. एक ओळ. फक्त एक ओळ गाळा. तुम्ही उतरवताय त्या चर्चच्या वहीत सहाशे दफनं आहेत, तुम्हीच म्हणालात मघाशी — वंशावळ मंडळाच्या सूचीत पाचशे नव्याण्णव उतरली तर कुणाचं काय अडणार आहे? मेलेलं माणूस थोडंच तक्रार करायला येतंय! हसू नका हो. मी चेष्टा नाही करत.

तुम्ही हॅल्सबीत नवे, म्हणून सांगते. बाजारचौकात आमचं औषधांचं दुकान आहे, पिकवर्थ — पाहिलंय ना? — त्यावर पाटी आहे, 'सन १७४१ पासून'. गेल्या उन्हाळ्यात कॉलिननं, माझ्या मुलानं, स्वतः शिडीवर चढून ती अक्षरं पुन्हा सोनेरी केली. पण लागली ती माझ्यामुळे. गिडियन पिकवर्थ, अपॉथेकरी — म्हणजे तेव्हाचा औषधं कुटून देणारा, निम्मा वैद्यच म्हणा — त्याला मी हुडकून काढलाय, मी! सतरा वर्षं घातली. तो कुणाच्या हाताखाली शिकायला राहिला तो करारनामा, त्याचं मृत्युपत्र, मागे राहिलेल्या सामानाची यादी — दोन खल, जळवांची बरणी, एक मोडका तराजू — सगळं याच टेबलांवर बसून, पेन्सिलीनं उतरवलेलं. आमचे हे, रोनाल्ड, म्हणायचे, डोरीन, तू माझ्यापेक्षा त्या गिडियनबरोबरच जास्त संसार केलास. खोटं नव्हतं ते.

आता बघा. गिडियनचा मुलगा अँब्रोज, बाप्तिस्मा सतराशे अठ्ठावन्न. आणि सतराशे एक्क्याऐंशीत त्याच चर्चमध्ये लग्न करणारा एक अँब्रोज पिकवर्थ — त्याच्यापासून खाली रोनाल्डपर्यंत कागद पक्के आहेत, कुणीही तपासावेत. नाव जुळतंय, गाव जुळतंय, वय जुळतंय — जोडली मी रेघ. तुम्ही नसती जोडली? नसतीच. बाप्तिस्मा सापडला की आधी दफनाची वही चाळायची, पोर जगलं का ते बघायचं — मंडळात पहिल्या दिवशी हेच शिकवतात — अहो, मीच शिकवायचे! आधी पोराला मारून बघा, मेलं नाही तरच पुढे चला, असं म्हणायचे मी, आणि सगळे हसायचे. आणि माझ्या स्वतःच्या वेळी मी वहीच उघडली नाही. हवा होता ना मला तो मुलगा.

उघडली तेव्हा ही ओळ — 'अँब्रोज, गिडियन पिकवर्थ अपॉथेकरी याचा मुलगा, वय एकोणीस दिवस.' बस्स. घरभर औषधं, दोन-दोन खल, आणि बापाला पोर नाही वाचवता आलं. आणि आमचा तो दुसरा अँब्रोज — तो पलीकडच्या गावच्या एका डुक्कर राखणाऱ्याचा, तेही मी शोधलं, शोधण्यात मी कच्ची नाही. म्हणजे मी काय केलं सांगू? त्या बाळाला मातीतून उठवलं, मोठं केलं, लग्न लावून दिलं, आणि आमच्या घराण्याच्या डोक्यावर आणून बसवलं.

काय? ही चिठ्ठी? — अरे देवा, तुम्ही ती बरोबरच आणलीत. हो, माझीच सही आहे. वही मागवताना भरलेल्या चिठ्ठ्या वहीच्या खोक्यातच राहतात हे विसरलेच मी. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, बरोबर. मला कळलं त्याला अकरा वर्षं झाली. आणि कॉलिन परत आला त्याला दहा — नाही, म्हणजे — त्याचा याच्याशी तसा काही —

आहे. आहे संबंध. कॉलिन कॅनडात होता. हॅलिफॅक्सला, मोठ्या इस्पितळात, चांगलं चाललं होतं, आणि लोर्ना नावाची मुलगी होती, हसरी, तिनं मला नाताळला स्वतः विणलेले हातमोजे पाठवले होते. इकडे रोनाल्ड गेले आणि मी एकटी. मी त्याला पत्र लिहिलं. कॉलिन, आठ पिढ्यांचं दुकान आहे, गिडियनचं रक्त आहे तुझ्यात, ते तुझ्या हातून बंद पडायचं का? असं लिहिलं मी. ती दफनाची ओळ वाचून पाच आठवडे झाले होते तेव्हा. पाच आठवडे! टेबलावर एका बाजूला त्या ओळीची नक्कल आणि दुसऱ्या बाजूला ते पत्र. 'मला एकटीला भीती वाटते, घरी ये' — एवढं लिहिता आलं नाही मला. लाज वाटली. म्हणून एक मेलेलं पोर पुढे केलं. आला बिचारा. लोर्ना नाही आली. तिची आता तीन मुलं आहेत. कॉलिन एकोणपन्नासचा झाला, सकाळी नऊला दार उघडतो, साडेपाचला लावतो, मग माझ्यासाठी सूप गरम करतो. आणि मंडळाची सूची निघाली की पहिल्या पानापासून वाचतो हो तो! आईचा छंद म्हणून. म्हणून म्हणते, हात जोडते तुमच्यापुढे — त्याला कळलं तर त्यानं आयुष्य कशापायी घालवलं ते कळेल. माझ्याकडे कसा बघेल तो? या वयात मला तेवढं एक नाही सोसायचं. दुसरं काहीही सोसेन. कोण बघणार आहे हो ती वही? अकरा वर्षांत माझ्याखेरीज कुणी मागवलीसुद्धा नसेल —

असे खाली काय बघताय? त्याखाली आणखी एक आहे का — दाखवा. दाखवा म्हणते ना. चष्मा... थांबा. हीच वही. हाच क्रमांक. ही माझी सही नाही. ही — औषधाच्या बाटलीवर रोज करतो ना, तशीच, शेवटी लपेटा मारलेली. सी. पिकवर्थ.

दोन वर्षं. मार्च महिना. दोन वर्षं झाली त्याला.

म्हणजे पाटी रंगवायच्या आधी. शिडीवर चढला तेव्हा माहीत होतं त्याला. मी खाली शिडी धरून उभी होते, आणि त्यानं विचारलं, आई, एकेचाळीस नीट आलंय ना? मी म्हटलं, छान आलंय. हो, असंच म्हटलं मी.

नको, पाणी नको. किती वाजले? दीडला येतो तो मला न्यायला, जेवणानंतर दोनला दुकान परत उघडायचं असतं. या चिठ्ठ्या परत ठेवा, होत्या तशाच, त्याची खाली, माझी वर. आणि ती ओळ लिहा मिस्टर ट्रेल. सगळ्या सहाशे लिहा. एकोणीस दिवस, नीट अक्षरांत. काय विचार करताय? जा म्हणते ना, जा तुम्ही — आलाच तो.

ये रे कॉलिन. कुठे काय, काही नाही. सँडविचचं बोलत होतो.