यादीतलं ओकलंड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर कॅसिमिर, व्यासपीठावर विराजमान असलेले ‘लेकशोर डिस्पॅच’चे संपादक श्री. ग्लेन हॅवरस्ट्रॉ, पॅरिश समितीच्या प्रमुख मिसेस डोलोरस निमिक, एकतीस वर्षांच्या क्रीडालेखनानंतर आज निवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती श्री. ड्वेन क्रॅमर, आणि शुक्रवारचे तळलेले मासे खाऊन आता केककडे डोळे लावून बसलेल्या माझ्या दक्षिण बफेलोकर मित्रमैत्रिणींनो,

शनिवार, ४ सप्टेंबर २०२१. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्या वेळी आजचे सत्कारमूर्ती माझ्या घराच्या ओसरीवर उभे होते. माझी थोरली बहीण लोरेटा हिच्या हातून त्यांनी एक कागद घेतला, त्याची नीट चार घड्यांची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. निरोपाच्या भाषणाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मिसेस निमिक यांनी मला बजावलं होतं, “रोझलिन, चार गोड शब्द, पाच मिनिटं, आणि खाली बस.” गोड शब्द माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांनी संपवले. पाच मिनिटांचं मात्र मला वचन देता येत नाही.

मी सव्वीस वर्षं ‘डिस्पॅच’मध्ये मुद्रितं तपासली आणि २०१३ साली निवृत्त झाले. तोवरचा सत्कारमूर्तींचा प्रत्येक स्वल्पविराम माझ्या हाताखालून गेला आहे. तेव्हा त्यांना माझ्याइतकं जवळून वाचलेलं या सभागृहात दुसरं कोणी नाही, त्यांची पत्नीसुद्धा नाही. तिनं मघाशीच मान हलवली, म्हणून सांगते.

आता पडद्याखाली झाकलेल्या त्या पितळी पाटीकडे या. तिच्यावर काय कोरलं आहे, ते निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे, म्हणजे गुपित नाही. ‘फुटबॉलच्या नव्या मोसमाआधी प्लेऑफचे संघ ओळखण्याची असाधारण हातोटी. २०२१ साली चौदापैकी अकरा अचूक.’ यापुढे पॅरिशच्या भाकीत स्पर्धेची ढालही त्यांच्या नावानं दिली जाणार आहे. अकरा अचूक, हे खरं. हातोटी असाधारण, हेही खरं. फक्त ती हातोटी तिसऱ्या रांगेत, खिडकीशी, निळ्या स्वेटरमध्ये बसली आहे आणि मला हातानं खुणा करते आहे की खाली बस. नाही बसणार, लोरेटा.

मित्रहो, भाकितं करणाऱ्या या जमातीबद्दल आधी दोन शब्द. दर ऑगस्टला ही मंडळी टीव्हीवर कोट घालून बसतात. बत्तीस संघांतून चौदा निवडायचे असतात. हे काय करतात? गेल्या वर्षीचे चौदा घेतात, त्यातले दोन काढतात, दोन घालतात आणि त्याला अभ्यास म्हणतात. दरवर्षी चार-पाच तरी नवे संघ वर येतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण ते म्हणायला धाडस लागतं. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा जबडा रुंद आहे, दात पांढरे आहेत, म्हणून संघ जिंकणार. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणारे पाच धिप्पाड गडी कोण, त्यातल्या किती जणांचे घोटे धड आहेत, हे कोणी विचारत नाही. आणि जानेवारीत सगळं तोंडावर पडलं, की पुन्हा त्याच कोटात येऊन सांगतात, हे तर आम्हाला वाटलंच होतं.

लोरेटा हे विचारते. चौतीस वर्षं ती अस्थिरोगांच्या वॉर्डात परिचारिका होती. संघ जखमींची यादी जाहीर करतो आणि म्हणतो, सहा आठवडे. लोरेटा म्हणते, “या वजनाच्या माणसाचा हा सांधा? अकरा. आणि नोव्हेंबरात पुन्हा दुखेल.” मग ती वेळापत्रक काढते. पश्चिम किनाऱ्यावरून येऊन दुपारी एकला कोणाला खेळायचं आहे, रविवारी खेळून लगेच गुरुवारी कोणाला उभं राहायचं आहे, हे सगळं ती बघते. आणि वॉर्डातल्या तक्त्यासारखी यादी लिहिते. वर तारीख, वेळ, खाली सही, आणि कार्बन कागद लावून दुसरी प्रत.

तुम्ही म्हणाल, मग बाईनं आपल्याच स्पर्धेत यादी का नाही दिली? दिली. नऊ वर्षं दिली. याच टेबलावर, बंद लिफाफ्यात. आणि नऊ वर्षं ती बाद झाली. कारण आपल्या सभागृहाचा नियम आहे, जुन्या धर्मगुरूंनी, मॉन्सिनॉरांनी घालून दिलेला, की ज्या यादीत बफेलो नाही ती यादी उघडून बाजूला ठेवायची. सतरा मोसम, मित्रहो, सलग सतरा मोसम आपला संघ प्लेऑफचं दार बघू शकला नाही, आणि त्या सतराही वर्षी या टेबलावरच्या प्रत्येक ग्राह्य यादीत बफेलो होतं. आपण भाकीत करत नव्हतो, नवस बोलत होतो. मिसेस निमिक एकदा लोरेटाला म्हणाल्या, “अगं, एक नाव खरडून टाक ना. काय जातं तुझं?” लोरेटा म्हणाली, “डोलोरस, पेशंटला ताप असताना तक्त्यावर ताप नाही असं मी कधी लिहिलं नाही. तुझ्या नवऱ्याचाही नाही.” त्यानंतर तिनं लिफाफा देणं सोडलं.

तिला संघाचं प्रेम नाही, असं समजू नका. २०१७ च्या मोसमात आपला संघ अखेर पोचला, तेव्हा लोरेटाचं भाकीत चुकलं होतं. आणि ही त्र्याहत्तर वर्षांची बाई संघाच्या स्वागताला कडाक्याच्या थंडीत विमानतळाच्या कुंपणाशी उभी राहून रडत होती. मी विचारलं, “चुकलीस म्हणून रडतेस?” म्हणाली, “इतकं छान कधी चुकले नव्हते.”

तर लिफाफे बंद झाल्यावर ती यादी माझ्या टेबलावर चिकटवली जाऊ लागली, ‘डिस्पॅच’च्या कचेरीत. निव्वळ आमच्या दोघींच्या गमतीसाठी. तिथे सत्कारमूर्तींनी ती पाहिली. वर्ष २००९. त्या रविवारी त्यांच्या स्तंभाचं मुद्रित माझ्यापुढे आलं, आणि त्यात लोरेटाची यादी होती, एक नाव काढून त्या जागी बफेलो घातलेली. मी ते घेऊन त्यांच्याकडे गेले.

“ड्वेन, ही यादी लोरेटाची आहे.”

“आधार घेतलाय, रोझ.”

“बारातली अकरा नावं म्हणजे आधार?” तेव्हा बाराच संघ जात असत.

“हे बघ, परिचारिकेची यादी म्हणून छापलं तर लोक हसतील. माझं नाव असलं की वाचतील. पुढच्या वर्षी तिचं नाव घालू.”

आणि मी काय केलं? मी त्या मुद्रितावर माझी आद्याक्षरं घातली आणि ते छपाईला सोडलं. शाळेत सिस्टर अ‍ॅम्ब्रोझनं आम्हाला पट्टीच्या जोरावर शिकवलं होतं, की दुसऱ्याच्या पाटीवरून उतरवणारी आणि ते बघून गप्प बसणारी, दोघींचे हात पुढे. माझा हात मी आज पुढे करते आहे. सोळा वर्षं उशिरा.

मी निवृत्त झाल्यावर सत्कारमूर्ती घरी येऊ लागले. दरवर्षी, सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारच्या, म्हणजे लेबर डेच्या आधीचा शनिवार, हातात डझनभर डोनटचा खोका. एकतीस वर्षांचा अभ्यास, असं मघाशी संपादकमहाशय म्हणाले. त्यातल्या बारा वर्षांचा अभ्यास साखरेत घोळलेला होता. आणि त्या शनिवारी, २०२१ साली, ओसरीवर काय बोलणं झालं, ते मी शब्दशः सांगते, कारण मी तिथेच बसून शेंगा सोलत होते.

लोरेटा म्हणाली, “ड्वेन, यंदा खाली माझं नाव टाक. नुसतं लोरेटा पावलक. बाकी काही नको.”

“टाकतो की, मिस लोरेटा. संपादकांशी बोललोय मी.”

“मागच्या वर्षीही बोलला होतास.”

“मागच्या वर्षी साथ होती हो.”

“साथीत शाई मिळत नव्हती का?” हे मी विचारलं.

“रोझ, तू शेंगा सोल,” लोरेटा म्हणाली. “त्याला डोनट खाऊ दे.”

त्यानं दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अर्ध्या पानाचा स्तंभ आला. वर सत्कारमूर्तींचा हसरा फोटो, खाली चौदा संघ. लोरेटाचं नाव नव्हतं. पण लोरेटाची एक चूक होती. ओकलंडचा संघ लास वेगासला निघून गेला, हे लोरेटाला मान्यच नाही. संघ म्हणजे काय सर्कशीचा तंबू आहे का, कुठेही उपटून कुठेही ठोकायला, असं तिचं म्हणणं. म्हणून तिनं यादीत त्या संघापुढे ओकलंड लिहिलं होतं. संघाला ते गाव सोडून अख्खा एक मोसम उलटला होता. आणि सत्तावीस वर्षं अभ्यास केलेल्या पत्रकारानं छापलं, ‘ओकलंड’.

आठवतं ना? किती पत्रं आली होती. एकानं लिहिलं होतं, क्रॅमरना कोणीतरी नवा नकाशा भेट द्या.

काय म्हणालात, ड्वेन? जरा मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू जात नाही. ते म्हणतात, तो विनोद होता. हो, पुढच्या आठवड्याच्या स्तंभातही त्यांनी असंच लिहिलं, की जुन्या आठवणींना दिलेली ती मिस्कील मानवंदना होती. पण मग विनोदवीरांना मी एक प्रश्न विचारते, उत्तर इथेच देऊ शकता. त्याच यादीत तुम्ही सिनसिनाटी का घातलं होतं? साऱ्या देशात त्या संघाला गटात शेवटचा धरलं होतं. त्यांच्या तरुण क्वार्टरबॅकचा गुडघा आदल्या नोव्हेंबरात फाटला होता. सिनसिनाटी का, ड्वेन?

ठीक आहे. लोरेटा, तू सांगतेस? नको, बसूनच सांग. ती म्हणते, “वय चोवीस, शस्त्रक्रिया वेळेवर झाली, आणि पोरगा व्यायाम चुकवत नव्हता.” हे एवढंच. ऐकलंत तुम्ही सगळ्यांनी. सिनसिनाटी पोचलं आणि पार अंतिम सामन्यापर्यंत गेलं. तुमचं ओकलंडही पोचलं, लास वेगासच्या नावानं. चौदापैकी अकरा. पितळेत कोरण्याजोगं काम आहे, यात शंका नाही.

तुम्हाला वाटत असेल, या वयात या दोघी म्हाताऱ्यांना नावाची एवढी हौस कशाला. लोरेटा एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांतलं मधलं दिसणं जात चाललं आहे. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं. डॉक्टरांनी सांगितलं आहे, छापील अक्षर नाताळापर्यंत वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही. तिला दुसऱ्या कोणी वाचून दाखवलेलं नाव नको आहे. ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी, भिंग घेऊन का होईना, वर्तमानपत्रात वाचायचं आहे. तिनं हे मला एकदाच सांगितलं, भांडी पुसताना, आणि लगेच विषय बदलला. माझ्याकडून मात्र बदलला गेला नाही.

यंदा उद्याच्या शनिवारी सत्कारमूर्ती येणार नाहीत, तसं त्यांनी कळवलं आहे. निवृत्तीची गडबड. म्हणजे परवाच्या रविवारी त्यांच्या अखेरच्या स्तंभात जी यादी येईल, ती सोळा वर्षांतली त्यांची स्वतःची पहिली यादी असेल. माझ्या त्यांना मनापासून शुभेच्छा आहेत. शहरांची नावं तेवढी तपासून घ्या. ओसरीवर विचारायला कोणी नाही आणि मुद्रितं तपासायला मी नाही.

आता आभार. स्वयंपाकघरात दुपारपासून पिरोगी वळणाऱ्या भगिनींचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, आणि माईक अजून बंद न केल्याबद्दल फादर कॅसिमिर यांचे. मिसेस क्रॅमर, तुमच्या आनंदाच्या दिवशी हे ऐकावं लागलं, याबद्दल मी तुमची क्षमा मागते, तुमची एकटीचीच. माझ्या बोलण्यात कुठे तारीख किंवा आकडा चुकला असेल, तर सर्वांनी पदरात घ्यावा. बाकी कशासाठी क्षमा मागावी, असं मला काही सापडलं नाही.

फादर, हे पाकीट आपल्या हाती देते. यात २००९ ते २०२४ पर्यंतच्या सोळा याद्यांच्या कार्बन प्रती आहेत. तारीख, वेळ आणि सहीसकट. त्यांच्याशी छापील स्तंभ ताडून पाहावेत आणि तोवर त्या पाटीवरचा पडदा काढू नये, ही अध्यक्ष म्हणून आपल्याला विनंती.

आणि श्री. हॅवरस्ट्रॉ, श्री. क्रॅमर, तुम्हा दोघांना विनंती नाही, मागणी आहे. या याद्या लोरेटा पावलक हिच्या आहेत, असा खुलासा ‘डिस्पॅच’च्या क्रीडापानावर हवा. जिथे यादी छापता तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरात. २००९ चं मुद्रित जाणूनबुजून सोडलं, म्हणून त्यात माझंही नाव घाला. खुलासा छापणार की नाही, याचं उत्तर येत्या गुरुवारी, ४ सप्टेंबर २०२५ रोजी, मोसमाच्या पहिल्या सामन्याचा चेंडू रात्री आठ वाजून वीस मिनिटांनी उडायच्या आत माझ्या घरी पोचलं पाहिजे. उत्तर लेखी हवं, दोघांच्या सह्यांनिशी, आणि अक्षर मोठं काढा. ते लोरेटा वाचणार आहे.