आजोबांची शेपटी

आजींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे कॉम्प्युटरवाल्याशी चाललेलं बोलणं रांगेत मागे उभ्या असलेल्या शिंपिणीलाही स्वच्छ ऐकू येत होतं.

“सिनेमाचं आणि सबटायटलच्या फाईलचं नाव सारखं लागतं, आजी. म्हणून कॉम्प्युटर ते आपोआप बदलतो.”

“पण ह्यांनी लिहिलेलं पुसलं ना मेल्याने! आता कोण लिहिणार परत?”

“काय लिहायचे आजोबा?”

“माझ्यासाठी एकेक वाक्य ऐकून टाइप करायचे. वर फाईलच्या नावात शेरा, ‘शेवट रडका, रुमाल घे’. ‘रटाळ आहे, माझ्यासाठी बघ’.”

“जुनी नावं सापडली. आता नियमच बदलतो. आधी सिनेमाचं नाव, मागे आजोबांची शेपटी. चालेल?”

“पळेल!”

“ही एक बघा. ‘अर्धा झाला, उरलेला उद्या’. हिची शेपटी काढू?”

“राहू दे. उद्या म्हणालेत ना.”