लाल पेन्सिलीला काम

नाही, पण यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! कोइमतूरच्या या ऑफिसात लोखंडी बीम काढण्यात माझा जन्म गेला. म्हणजे कॉम्प्युटरवर हो... वरची पट्टी, खालची पट्टी, मधला पत्रा, कोपऱ्यातली गोलाई, बोल्टची भोकं, एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, आणि सगळ्या मेल्या बहिणी-बहिणी, फक्त मापं वेगळी. कंटाळा नाही येणार माणसाला? मला आला. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. नुसतं ‘तीनशे’ टाकायचं की तीनशे मिलिमीटर उंचीची बीम भोकांसकट हजर, चॅनल म्हटलं की चॅनल, अँगल म्हटलं की अँगल, हातातली कॉफी निवायच्या आत कागद भरलेला! आमचे मालक नाचिमुत्तू इतके खूश की त्यांनी सगळ्यांना बोंडे मागवले. आणि वेलायुधम सरांनी त्या बोंड्याला हातसुद्धा लावला नाही.

वेलायुधम सर म्हणजे आमचे ड्रॉइंग तपासणारे. माप बरोबर असेल तर त्यावर पिवळी रेघ, चुकलं तर लाल, ही आमच्याकडची रीत. आणि एकदा का लाल पेन्सिल हातात आली की काय विचारता, “अम्मा, इकडे या जरा! हे भोक बीमच्या बाहेर पाडलंत, बोल्ट काय वाऱ्यात लावायचा?” हे अख्ख्या मजल्याला ऐकू जाणार. आणि आता? प्रोग्रॅम चुकेचना! नुसतं पिवळं, पिवळं, पिवळं... कागदांना हळद लागलीय की काय असं वाटायचं. सर डबा तसाच घरी न्यायला लागले. त्यात मालक सहज बोलून गेले, “चुका होतच नाहीत, तर तपासायला माणूस कशाला ठेवायचा?” सहजच हो, पण सरांनी ते ऐकलं. संध्याकाळी बघते तर खण आवरतायत आणि एकेक लाल पेन्सिल पिशवीत टाकतायत. मला हाताला धरून हे काम शिकवणारा माणूस, आणि माझ्यामुळे घरी निघालाय... पण यात माझं काय चुकलं? मी नुसत्या बीम काढल्या!

मग ठरवलं, आपण चुकायचं. पण मी कुठे काढते आता, काढतो तो प्रोग्रॅम, तेव्हा त्यालाच शिकवलं, बाबा रे, अधूनमधून एखादं माप बिघडवत जा. बिनचूक प्रत मी वेगळी ठेवली, कारखान्यात तीच जायची, उगाच कुणाचं छप्पर खाली यायला नको. आणि सकाळी-सकाळी आरोळी, “अम्माऽऽ! तीनशे सतराची बीम?” काय बरं वाटलं म्हणून सांगू! सर कागद नाचवत थेट मालकांपुढे, “बघा तुमचं मशीन! मी नसतो तर?” मालकांचा चेहरा पडला. म्हणाले, “सर, तुम्ही जायचं नाव काढू नका.” त्या आनंदात मी दोन बोंडे जास्त खाल्ले.

कॉफीच्या वेळी सर खुर्ची ओढून शेजारी आले. “अम्मा, मुद्दाम केलंत ना?” मी खाली मान घातली. आता ऐकावं लागणार! तर म्हणतात कसे, “केलंत ते केलंत. पण तीनशे सतरा? बीम येते ती तीनशेची, नाहीतर साडेतीनशेची, अशी अधलीमधली जगात कोण बनवतं? माणूस चुकतो तो चॅनलचं उघडं तोंड उलट्या बाजूला काढून, वरचं भोक खाली पाडून. जरा मन लावून चुकत जा!”

तेव्हापासून बीम काढतो प्रोग्रॅम, चुटकीसरशी, आणि मी दिवसभर डोकं खाजवत, हाताने, चुका करत बसते. सर ओरडतात, डबा चाटूनपुसून खातात, जीव सुखावतो माझा, खोटं कशाला बोलू? पण काल चॅनलचं तोंड उलटं केलं होतं, मन लावून, इतकं बेमालूम की मलाच सापडेना. कागद परत आला. चुकीभोवती लाल गोल, आणि खाली सरांचा शेरा, ‘चूक जमलेली नाही. पुन्हा करा.’ आता यात माझं काय चुकलं?... करतेय आपली पुन्हा.